पालीच्या मोरीवरची भट्टी

घण सुटला तेव्हा दिवस कासराभर वर आला होता.

सिदू उकिडवा बसून जाड छिन्नी दगडावर उभी धरत होता आणि आश्रुबा तिच्यावर घण घालत होता. दोघांची जोडी जुनी. घण वर गेला की सिदू छिन्नी बोटभर फिरवायचा आणि घण खाली यायचा. त्यांना एकमेकांकडं बघावंही लागत नसे. त्या दिवशी आश्रुबानं घण डोक्यावरून खाली आणला आणि मधेच हातातलं वजन नाहीसं झालं. हातात नुसता दांडा राहिला. घणाचं लोखंड सुटून सिदूच्या उजव्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मधोमध पडलं.

आवाज फारसा झाला नाही. पलीकडं खडी फोडणाऱ्या बायकांना कळलं ते आश्रुबाच्या ओरडण्यानं. सिदू स्वतः ओरडला नाही. तो आपल्या हाताकडं बघत राहिला. हात जिथं वाकायला नको तिथं वाकला होता.

बीडहून निघालेली सरकारी सडक पालीच्या पुढं चढाला लागते. त्या चढाच्या पायथ्याला ओढ्यावर एक दगडी मोरी होती. त्या साली पावसाळ्यात ओढा असा फुगला, की मोरीची एक बाजू ढासळून वाहून गेली. दिवाळी झाल्यावर दुरुस्ती निघाली. निजामाच्या राज्यात सडकेची अशी कामं गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं दिली जात. या कामाचा गुत्ता आप्पाराव नावाच्या माणसानं घेतला होता, आणि पालीची व आसपासच्या वस्त्यांवरची तीस-पस्तीस माणसं तिथं राबत होती. पुरुष दगड फोडायचे, घडवायचे, रचायचे. बाया खडी फोडायच्या आणि टोपल्यांनी वाहायच्या.

सिदूजवळ सगळ्यांत आधी पोचली ती बायनाबाई. चाळिशीकडं झुकलेली, रुंद खांद्यांची बाई. तिनं लुगड्याचा काठ दातानं तोडला, टोपलीच्या दोन सरळ काड्या मोडून घेतल्या आणि सिदूसमोर बसली.

"बोटं हालीव."

सिदूनं ओठ आवळले. बोटं हलली. पाचही.

"मग हात तुजाच हाय," ती म्हणाली. "आता वरडायचं तर वरड, मी बांधते."

तिनं हात बांधेपर्यंत गाडी जुंपली गेली. सिदूची बायको साखराबाई खडीवरच होती. ती गाडीत नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी बीडच्या दवाखान्याकडं निघाली आणि बाकीची माणसं सडकेवर नुसती उभी राहिली.

महिन्यातली ही तिसरी इजा होती. आधी वच्छलाबाईच्या कपाळाला खडी फोडायच्या हातोड्यानं खोक पडली होती. मग एका गड्याच्या मांडीत छिन्नीच्या डोक्याची कपची उडून घुसली; तो अजून खाटेवर होता. आता सिदू.

"ही जागाच वंगाळ हाय," कुणीतरी म्हणालं. "ओढ्यातल्या म्हसोबाला न इचारता मोरीला हात लावला."

जमादार बिभीषण हा त्या टोळीचा म्होरक्या. माणूस सरळ, पण आप्पारावाच्या पुढं त्याचा आवाज निघत नसे. त्यानं पागोटं काढून घाम पुसला. "आयतवारी बोकड देऊ," तो म्हणाला. "समद्यांनी मिळून देऊ. मंग तरी कायी हुनार न्हाई."

माणसांनी माना डोलावल्या. आश्रुबा मात्र तिथंच दगडावर बसला होता, हातात तो रिकामा दांडा घेऊन. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा गडी, पंचविशीतला, अंगानं असा की टोळीत सगळ्यांत जड घण तोच घालायचा.

"आजपासून मी घनाला शिवनार न्हाई," तो कुणालाही उद्देशून नव्हे असं बोलला. "माज्या हातानं त्याचा हात मोडला."

बायनाबाईनं त्याच्या हातातून दांडा काढून घेतला. टोकाला बोट फिरवलं, नख रोवून बघितलं. मग जाऊन घणाचं लोखंड उचलून आणलं, त्याच्या भोकातून आभाळाकडं बघितलं आणि दांडा परत त्यात घातला. दांडा आत गेला आणि लोखंड गळ्यातल्या सैल साखळीसारखं लोंबलं.

"जमादार," ती म्हणाली, "म्हसोबाला बोकड द्या, माजी ना न्हाई. पर हे दांडे कायी म्हसोबानं बसवले न्हाईत."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"ओल्या लिंबाचा दांडा हाय ह्यो. आखाडात वला हुता तवा घट्ट बसला. आता कोरडं वारं सुटलं, लाकूड आकसलं. पाचर तर ठोकलीच न्हाई. रोज सकाळी तुमी घन ओढ्यात बुडवून ठेवता, लाकूड फुगतं. दिवस वर आला की पुन्ना ढिलं." तिनं दांडा आश्रुबाच्या मांडीवर ठेवला. "खोट तुज्या हातात न्हाई, आश्रुबा. दांड्यात हाय."

आश्रुबानं दांडा पुन्हा उचलला आणि टोकाकडं बराच वेळ बघत बसला.

बायनाबाईला हे ठाऊक असायला कारण होतं. ती चकलांब्याच्या लोहाराची लेक. बारा वर्षांची होती तेव्हापासून बापाच्या भट्टीवर घण घालत होती, कारण लोहाराच्या घरात बाप्या सांडशी धरतो आणि बाई घण मारते. लग्न होऊन पालीला आली तेव्हा नवऱ्याच्या, हरिबाच्या, भट्टीवरही तिनंच घण घातला. नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, विळे, गाडीच्या चाकांच्या धावा, सगळ्यांवर तिचे घाव पडले होते. मग मानमोडीच्या तापाच्या साथीत हरिबा चार दिवसांत गेला. सांडशी धरणारा उरला नाही. घण घालणाऱ्या बाईची भट्टी कोण चालू ठेवणार? ऐरण आणि भाता तिनं कोपऱ्यात ठेवले आणि ती सडकेवर खडी फोडायला आली. त्याला आता सात-आठ वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार हत्यारं वाटायला निघाला तर बायनाबाई हत्यारांच्या ढिगाजवळ उभी.

"वाटू नका," ती म्हणाली. "आधी समदी हितं सडकेवर मांडा."

"बाई, उशीर हुईल. आप्पाराव दुपारी येनार हायेत."

"मंग दुपारपर्यंत हुईल की."

बिभीषणानं आजूबाजूला बघितलं. वच्छलाबाई कपाळावरची पट्टी सावरत पुढं आली आणि तिनंच पहिला हातोडा नेऊन सडकेवर ठेवला. मग दुसरी बाई आली. बघता बघता घण, हातोडे, टिकाव, छिन्न्या, पहारी, सगळं ओळीनं मांडलं गेलं.

बायनाबाई एका टोकापासून निघाली. ती हत्यार दांड्याला धरून उलटं करायची, दगडावर हलकं टेकवायची आणि ऐकायची. चांगलं बसलेलं हत्यार एकच आवाज देतं. ढिलं हत्यार दोन देतं, एक लोखंडाचा आणि एक लाकडाचा. पहिल्यांदा कुणाला हे कळेना. पाच-सात हत्यारं झाल्यावर माणसं स्वतःच बोलायला लागली, "ह्यो ढिला हाय. ह्यो बी." छिन्न्यांची तर डोकी घण खाऊन खाऊन फुलली होती, कडेनं लोखंडाची झालर लोंबत होती.

"ही झालर तुटते न् उडते," तिनं एक छिन्नी सगळ्यांना दाखवली. "मांडीत घुसली ती हीच. डोळ्यात घुसली असती तर?"

चांगली हत्यारं एकीकडं ठेवली, वाईट दुसरीकडं. वाईटांचा ढीग दुपटीहून मोठा झाला. काही गड्यांनी त्या ढिगातला आपला नेहमीचा घण ओळखला. रोज सकाळी तोच घण खांद्यावर टाकून ते बिनघोर कामाला लागत आले होते.

"आमी ह्या ढिगाला हात लावनार न्हाई," वच्छलाबाई म्हणाली आणि खाली बसली. बाकीच्या बायाही तिच्याभोवती बसल्या. मग गडीही बसले. बिभीषण एकटा उभा राहिला. त्याला बसताही येईना आणि कुणाला ऊठ म्हणताही येईना.

आप्पाराव तट्टावर बसून आला. अंगात पांढरा अंगरखा, डोक्याला जरीकाठी रुमाल. सडकेवर माणसं बसलेली बघून त्यानं तट्टू थांबवलं.

"ए बिभीषन, ही काय जत्रा भरवली बे?"

बिभीषणानं बायनाबाईकडं बघितलं. बायनाबाई पुढं आली.

"मालक, ह्या हत्यारांनी काम हुनार न्हाई. दांडे बदलाया पायजेत, छिन्न्या भट्टीत घालाया पायजेत. भट्टी मी लावते. तुमी कोळसा द्या, आन् आठ दिवस द्या."

"तू? तू कोन?"

"हरिबा लोहाराची बायको."

आप्पाराव हसला. "सडकेवर हजार मानसं काम करतात. कुनाला लागतं, कुनाला न्हाई. लागलं की नशीब म्हनायचं न् उठायचं. माघात मोठे साहेब मोटारीतून ह्या सडकेनं जानार हायेत. मोरी झाली न्हाई तर मी तुला पुढं करू का? ऊठ म्हन समद्यांना."

बायनाबाईनं ढिगातून एक घण उचलला. दांड्यावर लोखंड खडखडलं. तो तिनं आश्रुबाच्या हातात दिला. मग एक फुललेली छिन्नी घेतली आणि सिदू बसायचा त्या दगडाकडं बोट केलं.

"मालक, तुमी उतरा. हितं बसा न् ही छिन्नी धरा. आश्रुबा चार घाव घालंल. तुमी चार घाव धरलीत तर आमी समदे आत्ता उठतो."

आश्रुबानं घण धरून ठेवला. आप्पारावानं घणाकडं बघितलं. आश्रुबानं घण जरा वर केला तसं लोखंड दांड्यावर पुन्हा एकदा खडखडलं.

"मला काय येड लागलं?" आप्पाराव म्हणाला.

"न्हाई," बायनाबाई म्हणाली. "आमाला बी न्हाई लागलं."

मागं कुणीतरी खुसकन हसलं. आप्पारावानं मान वळवून कोण ते शोधलं, पण सगळ्यांची तोंडं सारखीच होती. त्यानं लगाम ओढला.

"आठ दिवस," तो म्हणाला. "नवव्या दिवशी काम हाललं न्हाई तर गेवराईकडून मानसं आनीन. बिभीषन, कोळसा मागवून घे."

तट्टू वळलं. ते चढ चढून दिसेनासं झालं. मग वच्छलाबाई म्हणाली, "माय माय! बाई, तुजं काळीज हाय का ऐरन?"

"काळीज लई उडतंय," बायनाबाई म्हणाली. "पानी दे आधी."

भट्टी सडकेच्या कडेला पिंपरणीच्या झाडाखाली लागली. ऐरण गाडीतून आणली. भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं होतं. ते वच्छलाबाईनं दाभणानं शिवून दिलं आणि भाता ओढायलाही तीच बसली. दांड्यांसाठी लाकूड पालीतून आलं. मोडक्या औतांची, दहा-दहा वर्षं छपरात वाळलेली बाभळीची लाकडं माणसांनी खांद्यावर वाहून आणली. बायनाबाई प्रत्येक लाकडाच्या रेषा बघायची. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या असतील तरच घ्यायची. मधे गाठ दिसली की ते चुलीला.

दांडे तासायला चार गडी बसले. टोकाला चीर पाडायची, दांडा घणात घालायचा, आणि चिरेत पाचर ठोकून लाकूड आतल्या आत फुलवायचं. हे काम लवकर जमलं. अडलं ते छिन्न्यांवर. छिन्नी तापवून तिची झालर कापायची, डोकं पुन्हा ठोकून गोल करायचं, तर एकानं सांडशी धरायला हवी आणि दुसऱ्यानं घण मारायला हवा. बायनाबाईनं आयुष्यभर घण मारला होता. सांडशी तिनं कधी धरली नव्हती. पण लोखंड कुठल्या रंगाला आलं की काढायचं, कुठं फिरवायचं, हे सांगता येणारं दुसरं कुणी तिथं नव्हतं. तेव्हा सांडशी तिलाच धरावी लागणार होती.

"आश्रुबा, घन घे," ती म्हणाली.

आश्रुबा दोन पावलं मागं सरला. "अक्का, दुसऱ्याला सांगा."

"दुसऱ्याचा घाव एका जागी पडत न्हाई. तुजा पडतो. मी बगितलाय."

"तुमचा हात मधी हाय, अक्का."

"तर माज्या हाताकडं बगू नको." तिनं छोटी हातोडी उचलली. "मी ही जिथं टेकवीन तिथं बग. हातोडी टेकली, उचलली, की तिथंच तुजा घाव. घन नवा बसवलाय, तूच बसवलाय. वढून बग."

आश्रुबानं घणाचं लोखंड दोन्ही हातांनी धरून ओढलं, पिळलं. ते हललं नाही. तो ऐरणीपाशी आला.

बायनाबाईनं निखाऱ्यातून छिन्नी काढली. डोकं पिवळंधमक झालं होतं. तिनं ते ऐरणीवर धरलं आणि हातोडी टेकवली, टिक. आश्रुबानं घण उचलला आणि असा खाली सोडला की माशीसुद्धा मेली नसती.

"लोखंडाला कुरवाळतो व्हय?" ती म्हणाली. "निवायला लागलं. पुन्ना."

टिक. पुन्हा तसाच घाव. छिन्नी लाल पडली, मग काळी. तिनं ती परत आगीत घातली. वच्छलाबाई भाता ओढत राहिली. आजूबाजूला दांडे तासणाऱ्यांचे हात थांबले होते.

बायनाबाई खाली बघून बोलली, फक्त आश्रुबाला ऐकू जाईल असं. "मला बी भ्या वाटतंय. ह्या बाजूला मी कदी बसले न्हाई. पर माजा हात हाललेला दिसतोय का तुला?"

आश्रुबानं बघितलं. सांडशी धरलेला हात ऐरणीसारखाच स्थिर होता.

"मंग तू कावून हालतो?"

छिन्नी पुन्हा बाहेर आली. टिक. या खेपेला आश्रुबानं श्वास घेतला, घण पार डोक्यावर नेला आणि आणला. ठणकन आवाज सडकेच्या दोन्ही बाजूंनी फिरून परत आला. ठिणग्या बायनाबाईच्या लुगड्यावर पडल्या. तिनं छिन्नी फिरवली. टिक. ठण. टिक. ठण. पाच-सहा घावांत ते फुललेलं डोकं गोल, गुळगुळीत झालं. आश्रुबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुरानं आलं असं तो नंतर सगळ्यांना सांगत राहिला.

पहिल्याच दिवशी सगळं साधलं असंही नाही. छिन्नीच्या धारेला पाणी द्यायचं, म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करायचं, काम बायनाबाईनं केलं, आणि पहिलीच छिन्नी दगडावर ठोकून बघताना टोकाशी मोडली. पाणी जास्त झालं होतं. लोखंड काचेसारखं ठिसूळ बनलं होतं. दांडे तासणारा एक गडी हसला. बायनाबाईनं मोडकं टोक उचलून सगळ्यांना दाखवलं.

"मोडली ती हितं मोडली," ती म्हणाली. "कुनाच्या मांडीत न्हाई मोडली." आणि छिन्नी परत आगीत टाकली.

दुसरी बरी झाली. चौथीपासून हात बसला. हरिबा धारेचा रंग निळा झाला की पाण्यात टाकायचा की त्याच्या जरा आधी, हे तिनं वर्षानुवर्षं समोर उभी राहून बघितलं होतं. आता ते हातात उतरायला लागलं. डोकं मात्र ती कधी पाण्यात बुडवायची नाही. "डोकं मऊच ऱ्हाऊ द्यायचं," ती सांगायची. "ताठ केलं की उडतं."

नवव्या दिवशी सकाळी जमादारानं हत्यारं वाटली. आयतवारी बोकडही दिला गेला. बायनाबाईनं मटणाची वाटी घेतली आणि घोंगडीवर बसून सगळ्यांबरोबर जेवली. मोरीचं काम पुढं सरकलं, आणि पुढच्या दोन महिन्यांत खरचटण्यापलीकडं कुणाला काही झालं नाही.

सिदू आला तो पौष संपता संपता. साखराबाई मागं, तो पुढं. हाडं जुळली होती, पण हात किंचित वाकडा बसला होता. मूठ वळायची, पण पूर्ण आवळायची नाही. आश्रुबानं त्याला लांबूनच बघितलं आणि पाठ फिरवून उगीच दगड हलवायला लागला. या दोन महिन्यांत तो एकदाही सिदूच्या घरी गेला नव्हता. तीनदा निघाला होता, तीनदा वाटेतून परत फिरला होता.

सिदू सरळ त्याच्यापाशी आला. त्यानं डाव्या हातानं आश्रुबाचा घण उचलला, उलटा केला आणि दगडावर टेकवला. ही खूण त्यानं साखराबाईकडून ऐकली होती. आवाज एकच आला.

"कुनी बसवला?"

"मी," आश्रुबा म्हणाला. मान अजून खालीच.

सिदूनं पाचरेवरून अंगठा फिरवला. "बरा बसवला बे," तो म्हणाला.

एवढंच. मग तो आश्रुबाच्या शेजारी दगडावर बसला, आणि जरा वेळानं आश्रुबाही बसला. त्यांचं काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. साखराबाईनं दोघांना भाकरी दिली तेव्हा त्यांनी ती एकाच फडक्यावरून खाल्ली.

छिन्नी धरणं सिदूला आता होणार नव्हतं. बायनाबाईनं जमादाराला सांगितलं, "हत्यारं सिदूच्या ताब्यात द्या. सकाळी त्यानं एकेक ठोकून बगायचं, मंगच वाटायचं. दुपारी पुन्ना बगायचं."

सिदूला ते लागलं. "मी दगडावरचा कारागीर हाय, अक्का. राखनदार न्हाई."

"राखनदाराला दोन आवाज ऐकू येत न्हाईत," ती म्हणाली. "कारागिराचाच कान पायजे. तुला येतात, मी आत्ता बगितलं."

सिदू त्या दिवशी तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो सगळ्यांच्या आधी येऊन हत्यारांच्या ढिगापाशी बसला होता, आणि त्यानं पहिल्याच तासात दोन टिकाव बाजूला काढले. जमादार म्हणाला, चालतील की. सिदू म्हणाला, न्हाई चालनार. जमादारानं ते भट्टीवर पाठवले.

माघात मोरी पुरी झाली. साहेबांची मोटार धुरळा उडवत वरून गेली. आतल्या कुणी खाली बघितलंही नाही. माणसांनी मात्र मोटार दिसेनाशी होईपर्यंत बघितलं आणि मग उगीचच मोरीच्या कठड्यावर हात फिरवले. चिरे तळहाताला गार लागत होते.

त्याच संध्याकाळी आप्पाराव आला. पुढचं काम त्याला गेवराईच्या अंगाला, गोदावरीकडच्या सडकेवर मिळालं होतं.

"समदी टोळी घे," तो बिभीषणाला म्हणाला. "ती लोहारीन तेवढी नगं. मला चार मानसांत खाली बघायला लावलं तिनं."

बिभीषणानं पागोटं काढलं, घाम पुसला. माणसांना वाटलं, आता तो मान डोलावणार. त्यानं पागोटं परत नीट डोक्यावर बसवलं.

"मालक," तो म्हणाला, "मंग जमादार बी दुसरा बगा."

आप्पाराव त्याच्याकडं बघतच राहिला. बिभीषण थांबला नाही. "गेल्या दोन महिन्यांत एक मानूस खाटंवर न्हाई. काम ठरल्या दिसाच्या आधी झालं. हे तुमाला बी ठावं हाय. बाई आली तर टोळी येती. न्हाई तर तुमी गेवराईकडचीच मानसं घ्या."

आप्पारावानं तट्टाच्या मानेवर थोपटलं. शेवटी म्हणाला, "येऊ दे. पर माज्यासमोर नगं तिनं बोलू."

"मी बोलनार न्हाई," बायनाबाई मागून म्हणाली. "हत्यारं बोलतील."

आठ दिवसांनी दोन गाड्या बीडवरून गेवराईच्या वाटेला लागल्या. पुढच्या गाडीत ऐरण, भाता आणि बाभळीच्या वाळल्या लाकडांची मोळी होती. सिदू त्यावर बसून होता. मागच्या गाडीत बाया. आश्रुबा चालतच निघाला होता, घण खांद्यावर टाकून. गेवराईच्या अलीकडं सडकेवर तिथली माणसं आधीच कामाला लागली होती. त्यांनी बाईला भट्टी मांडताना बघितलं आणि ती हातातलं काम थांबवून जवळ आली.

"बाई सांडशी धरती व्हय?" त्यांच्यातला एक म्हणाला. "मंग बाप्या काय करतो?"

"घाव घालतो," आश्रुबा म्हणाला. "तुजा टिकाव दाखीव."

तो गडी हसत हसत टिकाव घेऊन आला. सिदूनं तो त्याच्या हातातून घेतला, उलटा केला, दगडावर टेकवला. आवाज दोन आले. बायनाबाईनं निखारे सारखे केले, वच्छलाबाईला भाता ओढायला सांगितलं, आणि हात पुढं केला.

"आन हिकडं," ती म्हणाली.